दोघांनाही पूर्ण

गेल्या दिवाळीत नातीने पुठ्ठ्याचे चौकोन सतरंजीवर मांडायला घेतले, तेव्हा दादा भिंतीला टेकून वर्तमानपत्र वाचत होते. दादा म्हणजे माझे थोरले बंधू. गावच्या जमिनीची वाटणी झाल्यापासून आमचे बोलणे उरले होते ते पाऊसपाण्यापुरते.

खेळाचे नाव कार्कासोन. दक्षिण फ्रान्समधल्या तटबंदीच्या नगराचेच नाव. क्लाउस-युर्गेन व्रेडे या जर्मन गृहस्थाने रचलेला हा खेळ २००० साली निघाला आणि २००१ मध्ये जर्मनीत वर्षातला सर्वोत्तम खेळ ठरला. मूळ खेळात चौकोन ७२. त्यांवर रस्ते, नगरांचे तट, मठ, शेते. पाळी आली की एक चौकोन उचलायचा आणि जुळेल तिथे लावायचा. रस्त्याला रस्ता, तटाला तट. हवे तर त्यावर आपला लाकडी माणूस ठेवायचा. अशी माणसे फक्त सात. नगर पुरे झाले की गुण मिळतात आणि माणूस परत येतो. अर्धवट राहिले तर तो अडकलाच. उभी हयात कर्जवसुलीत गेलेल्या माणसाला हे वेगळे शिकवावे लागले नाही.

शेतात माणूस आडवा निजवायचा एक नियम आहे, त्याचा हिशेब अगदी शेवटी होतो. नवख्याच्या पहिल्या डावात तो खुशाल वगळावा. पण दुसरा एक नियम कुणी वगळू नये. मूळ नियमावली सांगते, उचललेला चौकोन सर्वांना दाखवा, म्हणजे त्यांना सल्ला देता येईल. मुरलेले खेळाडू हे टाळतात आणि मुकाट्याने खेळतात. माझ्या मते ते खेळाचा जीवच काढून घेतात. बुद्धिबळात फुकट सल्ला देणाऱ्याला आपण हाकलतो, आणि हाकलायलाच हवे. इथे सल्ल्यामागचा स्वार्थ उघड्यावर असतो, त्यातच गंमत आहे.

नातीने दादांना ओढून बसवले. निम्मा डाव झाल्यावर त्यांच्या हाती तटाचा एक चौकोन आला. मी म्हणालो, "इथे लाव. तुझं नि माझं नगर एक होईल."

दादांनी चष्म्यावरून पाहिले. "यात तुझा काय फायदा?"

"आहे ना!"

त्यांनी बराच विचार केला, आणि लावला. नगर पुरे झाले. आठ चौकोनांचे सोळा, एका ढालीचे दोन, अठरा गुण. आत माणूस त्यांचा एक, माझा एक.

"म्हणजे नऊ-नऊ," दादा म्हणाले.

"नाही मोठे आजोबा, सारखी माणसं असली की दोघांनाही पूर्ण अठरा."

"वाटणी नाही?"

"नाही."

डाव नातच जिंकली. चौकोन डब्यात भरता भरता दादा मला म्हणाले, "ते शेतातल्या आडव्या माणसाचं काय आहे, ते उद्या सकाळी सांग."