सौजन्याची प्रमाणभाषा

मराठी माणूस उद्धट बोलतो, हा आरोप जुना आहे. पुराव्यादाखल सांगितले जाते की मराठीत ‘प्लीज’ला रोजच्या बोलण्यातला शब्द नाही. ‘कृपया’ आहे, पण तो पाट्यांवर, अर्जांत आणि रेल्वेच्या उद्घोषणांत. घरात कुणी ‘कृपया मीठ दे’ म्हटले, तर रुसवाफुगवा चालू आहे असेच इतर समजतील.

वस्तुतः मराठीतले सौजन्य वेगळ्या शब्दात नसते. ते क्रियापदात, एखाद्या ‘जरा’त, ‘ना’त, वाक्याच्या हेलात असते. ‘सरक’, ‘सरका’, ‘जरा सरकता का’, ‘सरकावं जरा’ ही उतरंड मराठी कानाला समजावून द्यावी लागत नाही. निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. दुकान बंद न करता ‘वाढवतो’. फुटलेली बांगडीही ‘वाढते’. अशुभाचा उच्चार टाळणे हाही समोरच्याची काळजी घेण्याचाच प्रकार.

मात्र हे सौजन्य प्रत्येक प्रदेशाने आपापल्या ठिकाणी ठेवले आहे, आणि घोटाळा तिथेच होतो. कोल्हापूरचा ‘बसा की’ पुण्याच्या कानाला उतावळा वाटतो. तिथे तो आग्रह असतो. उलट पुण्यातले ‘चहा घेणार का?’ हे निवडीचे स्वातंत्र्य देणारे वाक्य कोल्हापूरकराला नकाराची सोय वाटते. वऱ्हाडातला ‘उद्या येजो’ हुकमासारखा ऐकू येतो, पण त्यात ‘आत्ताच’चा दाब नाही, सवडीने कर, एवढेच त्याचे म्हणणे. मालवणी माणसाचे ‘मेल्या, खंय होतंस?’ हे तर जिव्हाळ्याचे प्रमाणपत्र. तिथे शिवी थांबली की समजावे, काहीतरी बिनसले आहे.

हे निव्वळ गमतीचे राहत नाही, कारण यांतल्या एकाच पद्धतीला ‘सभ्य’ हा शिक्का मिळाला आहे. शाळेत वऱ्हाडी मुलाचे ‘येऊन राहिलो’ दुरुस्त होते, तेव्हा व्याकरणासोबत त्याचे वळणही गावंढळ ठरते. मुलाखतीत तो कमी बोलतो. आणि त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ आत्मविश्वासाचा अभाव असा लावला जातो.

तरीही ‘प्रत्येक बोली आपापल्या जागी गोड’ म्हणून थांबणे आम्हांस पुरेसे वाटत नाही. आदरार्थी रूपांचा इतिहास निरागस नाही. पांढऱ्या केसांच्या दलित माणसाला सवर्णांच्या पोराने ‘अरे’ म्हणावे, आणि त्याने त्या पोराला ‘जी’ म्हणावे, ही रीत गावोगाव होती. दलित आत्मकथनांनी ती नोंदवली आहे. नवरा ‘अहो’ आणि बायको ‘अगं’ ही विषमता तर कित्येक घरांत आजही चालू आहे. म्हणजे ज्या ‘अहो-जाहो’ची आपण वाखाणणी करतो, ती कुणाला मिळे आणि कुणाला नाकारली जाई, हे विचारल्याशिवाय सौजन्याची चर्चा अपुरी राहते.

म्हणून कसोटी रूपाची नसावी, परतफेडीची असावी. मालवणातला ‘तू’ दोन्हीकडून येत असेल, तर तो सभ्यच. पुण्यातला ‘आपण’ एकाच दिशेने वाहत असेल, तर तो कितीही मृदू असला तरी सभ्य नव्हे. दि. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला. भाषेचे आभिजात्य प्राचीन ग्रंथांवरून सिद्ध होत असेल. भाषकांचे मात्र ‘अरे’ कुणाला म्हणतो यावरूनच ठरते.