शाळेच्या फायलीतली इंग्रजी

बी.एड., एम.एड. किंवा शालेय व्यवस्थापनाची पदविका करणाऱ्या आपल्या मुलामुलींना इंग्रजीबद्दल विचारा. बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं, "समजतं, पण बोलता येत नाही." मग सुट्टीत स्पोकन इंग्लिशचा क्लास लावला जातो, तीन महिने स्वतःची ओळख करून देण्याची वाक्यं घोटली जातात, मुलाखतीपुरता धीर येतो. त्या धीराला मी कमी लेखत नाही. पण ही मुलं उद्या मुख्याध्यापक, पर्यवेक्षक, संस्थेचे सचिव होतील, तेव्हा त्यांना इंग्रजी बोलावी लागेल ती क्वचित. वाचावी मात्र सतत लागेल. कायद्याचं कलम, न्यायालयाचा निकाल, यू-डायसचा तक्ता, ऑडिटरचा शेरा, कंपनीच्या सामाजिक निधीसाठी करायचा प्रस्ताव. आणि 'समजतं' हा जो आपला दावा आहे, तोच इथे तपासून पाहायला हवा.

1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षकांच्या टीईटीबाबत दिलेला निकाल घ्या. प्रकरणाचं नाव 'अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र राज्य'. म्हणजे वाद आपल्याच राज्यातला आणि आपल्याच समाजाच्या एका संस्थेचा. शिक्षण हक्क कायदा येण्यापूर्वी नोकरीला लागलेल्या ज्या शिक्षकांची पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा उरली आहे, त्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं, असं न्यायालयाने सांगितलं. ज्यांची पाच वर्षांहून कमी सेवा उरली, ते परीक्षेविना निवृत्तीपर्यंत राहू शकतात, पण बढती हवी असेल तर परीक्षा आलीच. आणि अल्पसंख्याक शाळा? त्यांना हा कायदा लागू होत नाही असं 2014 च्या 'प्रमती' निकालात पाच न्यायाधीशांनी म्हटलं होतं. 2025 च्या दोन न्यायाधीशांनी त्याबद्दल शंका नोंदवली, प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्यासाठी सरन्यायाधीशांकडे पाठवला, आणि त्याचा निर्णय होईपर्यंत अल्पसंख्याक शाळांना बाहेर ठेवलं.

यातलं अर्धंच वाचणाऱ्याला वाटेल की सगळ्या शिक्षकांच्या नोकऱ्या धोक्यात आल्या. उरलेलं अर्धं ऐकणाऱ्याला वाटेल की आपल्या शाळांना कायमची माफी मिळाली. दोन्ही चूक. निकालाचा अर्थ 'टिल' या चिमुकल्या शब्दात आहे: प्रश्न सुटेपर्यंत. ज्या शाळेत हा शब्द कुणी नीट वाचला, तिथल्या शिक्षकांनी घाबरून न जाता तयारीला लागायचं ठरवलं असेल. जिथे कुणी वाचला नाही, तिथे अफवांवर दिवस गेले असतील. शिक्षण व्यवस्थापन शिकणाऱ्याला लागते ती इंग्रजी ही अशी आहे.

आपल्या संस्थांमध्ये हे वाचन कोण करतं, हे जरा उघडपणे बोलू या. पुष्कळ ट्रस्टमध्ये 'इंग्रजी जाणणारा' एक माणूस असतो. तो वकील असेल, निवृत्त अधिकारी असेल किंवा संस्थापकांचा शिकलेला भाचा. पत्र आलं की ते त्याच्याकडे जातं, आणि तो सांगेल तो त्या पत्राचा अर्थ. शिक्षकाला सांगितलं जातं, "आपली संस्था अल्पसंख्याक आहे, आपल्याला नियम लागू नाहीत." पालकांनाही हेच. कुठला नियम, कुठल्या कलमाने, कुठल्या निकालामुळे, हे विचारायला समोरच्याजवळ कागद वाचण्याची ताकद लागते. ती नसली की संविधानाच्या अनुच्छेद 30 ने समाजाला दिलेला हक्क चार-दोन विश्वस्तांच्या खिशात जातो.

हा अनुच्छेद आपण भाषणांत किती ऐकतो! त्यातले दोन शब्द मात्र क्वचित उघडून दाखवले जातात: 'एस्टॅब्लिश' आणि 'अ‍ॅडमिनिस्टर', म्हणजे संस्था स्थापन करणं आणि ती चालवणं. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचा वाद याच शब्दांभोवती फिरला. 1967 मध्ये 'अझीझ बाशा' प्रकरणात न्यायालय म्हणालं की हे दोन्ही शब्द एकत्र वाचायचे. विद्यापीठ कायद्याने स्थापन झालं, मुस्लिम समाजाने नाही, म्हणून ते चालवण्याचा हक्कही समाजाला सांगता येणार नाही. 8 नोव्हेंबर 2024 रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने तो दृष्टिकोन बाजूला सारला. कायद्याने संस्थेला रूप दिलं म्हणून तिची स्थापना समाजाने केलीच नाही असं होत नाही, खरा संस्थापक कोण ते तपासावं लागेल, असं सांगून अलीगढचा प्रत्यक्ष निर्णय नेहमीच्या पीठावर सोडला. एका क्रियापदाच्या अर्थावर अर्धशतकाहून जास्त काळ वाद चालला.

दुसरा शब्द तर आपल्या विश्वस्तांना मी फ्रेम करून द्यायला तयार आहे. 1958 मध्ये केरळ शिक्षण विधेयकाबाबत मत देताना सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं होतं की 'अ‍ॅडमिनिस्टर' करण्याच्या हक्कात 'मॅलअ‍ॅडमिनिस्टर' करण्याचा हक्क येत नाही. कारभाराचा हक्क आहे, गैरकारभाराचा नाही. पगाराच्या सहीपेक्षा कमी रक्कम हातात पडणाऱ्या शिक्षिकेला हे कुणी सांगितलंय का?

कायद्याची इंग्रजी अवघड का जाते, याचं एक कारण आपल्या भाषेत आहे. मराठीत अट आधी येते, "जर अमुक असेल, तर तमुक." इंग्रजी कायदा आधी ऐटीत नियम सांगतो आणि मग 'प्रोव्हायडेड दॅट' म्हणत मागच्या दाराने अपवाद आत घेतो. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 21 पाहा. शाळा व्यवस्थापन समिती असावी, किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या महिला असाव्यात. इथवर वाचून आपण खूश. पण 2012 च्या दुरुस्तीने जोडलेलं परंतुक सांगतं की अल्पसंख्याक शाळांत आणि अनुदानित खासगी शाळांत या समितीचं काम फक्त 'अ‍ॅडव्हायझरी', म्हणजे सल्ला देण्यापुरतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या समितीचा अधिकार आणि अनुदानित उर्दू हायस्कूलमधल्या समितीचा अधिकार एकसारखा नाही, तो या एका शब्दामुळे. तसंच 'शॅल' आणि 'मे'. पहिल्यात बंधन, दुसऱ्यात मुभा. शाळेत दोन्ही 'सहायक क्रियापदं' म्हणून पाठ केली होती. कार्यालयात त्यातल्या एकावर नोकरी टिकते किंवा जाते.

उलट दिशेचा गोंधळही आहे. आपल्याकडे 'मान्यता' हा एकच शब्द किती कामं करतो! शाळेला मान्यता, शिक्षकाला वैयक्तिक मान्यता, पदांची संचमान्यता, तुकडीला मान्यता, अल्पसंख्याक दर्जालाही बोलताना मान्यताच. इंग्रजी कागदावर 'रेकग्निशन', 'अप्रूव्हल', 'अ‍ॅफिलिएशन', 'सँक्शन' असे वेगवेगळे शब्द दिसतात आणि प्रत्येकाचा अधिकारी, मुदत, अपील वेगळं असतं. त्यातही 'सँक्शन' कधी मंजुरी तर कधी शिक्षा. फोनमधलं भाषांतराचं अ‍ॅप या सगळ्यांना 'मान्यता' म्हणून मोकळं झालं, तर अर्ज चुकीच्या टेबलावर जाणार.

आकड्यांची इंग्रजी वेगळीच. 'ग्रॉस एनरोलमेंट रेशो' शंभराच्या वर गेलेला पाहून एखादा विद्यार्थी आकडा चुकला म्हणेल. चुकलेला नसतो. त्या वयोगटाबाहेरची, उशिरा आलेली किंवा मागे राहिलेली मुलंही वरच्या आकड्यात धरलेली असतात. 'ड्रॉपआउट' म्हणजे शाळा सोडलेलं मूल, 'आउट ऑफ स्कूल'मध्ये कधीच शाळेत न आलेलंही येतं. भिवंडी-मालेगावातल्या कारखान्यात बसलेलं मूल यांपैकी कुठल्या रकान्यात धरलं जातं, यावर त्याच्यासाठी योजना निघते की नाही ते ठरतं.

सच्चर समितीच्या अहवालाचंही तसंच. 2006 पासून आपल्या प्रत्येक सभेत त्याचं नाव निघतं. मूळ इंग्रजी अहवाल किती जणांनी उघडला? शाळेत जाण्याच्या वयाची मुस्लिम मुलं मोठ्या संख्येने मदरशातच शिकतात, हा समज त्याच अहवालाने खोडून काढला: हे प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास आहे. नेहमीची शाळा शिकून उरलेल्या वेळात मूल जातं तो मकतब आणि पूर्णवेळ शिक्षणाचा मदरसा यांत लोक गल्लत करतात, हेही त्यात सांगितलं आहे. टीव्हीवरच्या चर्चेत चिडण्यापेक्षा तेवढं प्रकरण वाचलेला एक विद्यार्थी जास्त उपयोगाचा.

इराणमधली एक पद्धत यासाठी पाहण्यासारखी आहे. तिथली विद्यापीठं शिकवतात फारसीत. पण जवळपास प्रत्येक शाखेत 'ज़बान-ए-तख़स्सुसी', म्हणजे त्या विषयापुरती इंग्रजी, असा स्वतंत्र विषय असतो आणि 'समत' ही सरकारी प्रकाशनसंस्था त्यासाठी शाखावार पुस्तकं काढते. उतारा, शब्दयादी, भाषांतर असा त्या तासांचा साचा जुनाच आहे, आणि तिथले भाषातज्ज्ञही त्यावर टीका करतात. तरी त्यामागचा विचार मला पटतो. विषय स्वतःच्या भाषेत शिका, आणि त्या विषयाची इंग्रजी वेगळी, ठरवून शिका. इंग्रजी माध्यम की मातृभाषा, या आपल्या कधीच न संपणाऱ्या भांडणाला यात जागाच उरत नाही.

शिवाय, दफ्तराची भाषा बोलीपेक्षा वेगळी असणं महाराष्ट्राला नवं नाही. हजेरी, दाखला, शिफारस, मंजुरी, रजा, अर्ज: शाळेच्या कार्यालयातले हे शब्द फारसी-अरबीतून आले. राज्यकारभारातल्या अशा शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी शिवाजी महाराजांनी 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला. कारभाराची भाषा मुद्दाम घडवावी आणि शिकावी लागते, ही जाण तेव्हाही होती. (हजेरी आणि दाखला मात्र जागचे हलले नाहीत, ही गंमत वेगळी.)

मग शिकायचं कसं? शब्दांची यादी पाठ करून फारसं हाती लागत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं एक कलम घ्या. त्यातलं क्रियापद शोधा, कुणी करायचं ते शोधा, 'शॅल' की 'मे' ते पाहा, मग 'सब्जेक्ट टू', 'एक्सेप्ट', 'प्रोव्हायडेड' यांच्याखाली रेघ मारा. आता तेच कलम चार ओळींत अशा मराठीत किंवा उर्दूत लिहा की समितीवरच्या सातवी शिकलेल्या आईला एका वाचनात कळेल. जिथे तुमची लेखणी अडेल तिथे तुम्हाला इंग्रजी कळलेली नाही, हे नक्की समजा. 'पार्शली एडेड मायनॉरिटी स्कूल टीचर्स' अशी शब्दांची आगगाडी आली तर शेवटच्या डब्यापासून उलटं वाचा: शिक्षक, शाळेतले, अल्पसंख्याक, अंशतः अनुदानित. आपल्याच शाळेची यू-डायसमधली माहिती काढून ती खरी आहे का ते वर्गावर्गांत जाऊन पडताळा. स्वच्छतागृहांचा रकाना तर आधी पाहा.

शासन निर्णय मराठीत निघतात, मग एवढी यातायात कशाला, असं कुणी म्हणेल. निघतात, आणि त्यांची मराठीही सोपी नसते, तीही शिकावीच लागते. पण त्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात गेलात की अनुच्छेद 348 प्रमाणे कामकाज इंग्रजीत. निवडक निकालांची मराठी भाषांतरं आता मिळू लागली आहेत, ती चांगली सोय आहे. वाद झाला तर मात्र मूळ निकालाकडेच बोट दाखवावं लागतं.

समाजाच्या संस्था चालवणाऱ्या महाविद्यालयांकडे माझी एकच मागणी आहे. व्यवस्थापन शिकणाऱ्यांना आठवड्याला दोन तास हे वाचन द्या, आणि परीक्षा घ्यायची तर अशी घ्या: विद्यार्थ्याला इंग्रजी परिपत्रकाचं एक पान, अर्धा तास वेळ, आणि समोर शाळा व्यवस्थापन समितीतल्या दोन महिला. त्यांना ते पान समजावून सांगायचं आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. गुण त्या दोघींनी द्यायचे.