पेरणी, कडबा आणि हजेरीपट

मृग नक्षत्र ७-८ जूनला लागते आणि आपल्या शाळेच्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढू लागतात. मे महिन्याच्या अखेरीस उघडलेली शाळा अजून रुळलेलीही नसते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारीची काढणी आली की पुन्हा तेच, आणि तेव्हा तर वार्षिक परीक्षा तोंडावर असते. शिक्षक पालकांना दोष देतात, पालक पावसाकडे बोट दाखवतात. या विषयावर दोन्ही बाजूंना चार शब्द सांगावेत, असे आम्हाला वाटते.

हे दिवस कसे जातात, हे चिटगुप्प्याच्या शेतकरी कुटुंबांना वेगळे सांगायला नको. पहाटे चारला चूल पेटते. भाकरी, पिठले, ठेचा फडक्यात बांधून माणसे उजाडायच्या आत शिवारात पोहोचतात. वाफसा आला की हाती थोडेच दिवस असतात. ज्याच्याकडे बैल आहेत तो तिफण जुंपतो, बाकीचे ट्रॅक्टरच्या पाळीची वाट पाहतात. तूर, मूग, उडीद, सोयाबीन, सगळे एकाच घाईत. चाड्यावरची मूठ सैल पडली तर बी दाट पडते, आखडली तर तासात मोकळ्या जागा राहतात. काढणीच्या दिवसांत ज्वारी काढायची, कणसे मोडायची, पेंढ्या बांधायच्या, पाच-पाच पेंढ्यांचे पाचुंदे मोजायचे आणि अवकाळी पाऊस यायच्या आत कडब्याची गंज रचायची. भिजलेला कडबा काळा पडतो, मग जनावर त्याला तोंड लावत नाही. अशा वेळी घरातला प्रत्येक हात हवासा वाटतो, हे आम्ही जाणतो.

पण एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. शेतात गेलेला मुलगा सगळ्यांना दिसतो. आई शेतात गेली म्हणून धाकट्या भावंडाला सांभाळत, स्वयंपाक करत घरी थांबलेली मुलगी कुणाला दिसत नाही. मुलगा पावसाने उघडीप दिली की शाळेत परततो. मुलीचे मात्र पेरणीमागून खुरपणी, खुरपणीमागून काढणी असे दिवस जात राहतात आणि गणितात ती मागे पडते. मग 'हिचे डोके चालत नाही' असा शेरा तिच्याच वाट्याला येतो.

आमचे मत स्पष्ट आहे. शाळेच्या वेळेत मुलांना घरी ठेवू नये, मुलींना तर मुळीच नाही. २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला शिक्षणाचा हक्क दिला आहे. २०१६ साली दुरुस्त झालेला बालकामगार कायदा घरच्या कामात मदतीची मुभा देतो, पण ती शाळा सुटल्यावर व सुट्टीत, आणि काम धोक्याचे नसेल तरच. मळणी यंत्र आणि फवारणी यांच्यापासून मुलांना लांबच ठेवावे.

आता शाळेची बाजू. शेतातून आलेल्या मुलाला पायाच्या चिखलावरून टोकणे आपण थांबवले पाहिजे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था उभी केली, तेव्हा श्रम आणि शिक्षण त्यांनी एकाच दावणीला बांधले. आपण निदान एवढे करू शकतो. पेरणीपूर्वी आठवीच्या वर्गाने घरच्या सोयाबीनचे १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात ठेवावेत आणि आठवडाभराने कोंब मोजावेत. ७० किंवा अधिक उगवले तर बियाणे पेरण्याजोगे. टक्केवारीचा हा धडा दुबार पेरणीचा खर्चही वाचवू शकेल. मार्चमध्ये पाचुंद्यांवरून पेंढ्यांचा आणि शेकड्यावरून कडब्याच्या किमतीचा हिशेब वर्गात घ्यावा. आपल्या तिफणीला कन्नडमध्ये कूरिगे म्हणतात, चाऱ्याला मेवु. दोन्ही भाषांतले असे शब्द मुलांनी आजी-आजोबांना आणि शेजाऱ्यांना विचारून वहीत उतरवावेत.

विश्वस्त मंडळाला आमची विनंती एवढीच. शाळेच्या आवारात एक पर्जन्यमापक बसवावा, पेरणीच्या पंधरवड्यात चाचणी ठेवू नये, आणि बुडालेला अभ्यास भरून काढण्यासाठी रोज तासभर जादा वर्ग घ्यावा. पालकांनी धाकट्या भावंडांसाठी अंगणवाडीचा, शेजारच्या आजीचा आधार घ्यावा.

वेळ अमावस्येला आपण सारे शिवारात जमतो, कडब्याची कोप उभारतो, भज्जी-आंबील एकत्र खातो. त्या दिवशी शेत सगळ्या घराचे असते. शाळाही तशीच सगळ्या घराची व्हावी. येत्या मृगात हजेरी घेताना मुलींची नावे आम्ही आधी पाहू.