वळ कुणाच्या पाठीवर?

आधुनिक चित्रकला ही मूठभरांची चैन असून श्रमिकांना तिच्यातले काही कळत नाही, अशी एक समजूत पुरोगामी वर्तुळातही रूढ आहे. ती आम्हांला मान्य नाही. आळंदीला येणाऱ्या लक्षावधी वारकऱ्यांना प्रतीक म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. आसूड रेड्याच्या पाठीवर पडला आणि वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उठले, ही आख्यायिका ज्यांना उमगते त्यांना पिकासोचे 'गेर्निका' अगम्य का वाटावे?

२६ एप्रिल १९३७ रोजी हिटलर-मुसोलिनीच्या विमानांनी स्पेनमधील गेर्निका हे गाव बेचिराख केले. पिकासोने चित्रात एकही विमान रंगवले नाही. मेलेले मूल कवटाळून आक्रोश करणारी आई, भाल्याने विद्ध झालेला घोडा, मोडकी तलवार हाती धरून पडलेला योद्धा एवढ्यांतून त्याने सारे सांगितले. १९३९ च्या प्रारंभी हे चित्र स्पेनच्या मदतीसाठी लंडनमधील व्हाइटचॅपल या कामगार वस्तीत मांडले गेले. उद्घाटन मजूर पक्षाचे नेते ॲटली यांनी केले.

चित्राने युद्ध थांबत नाही, हे खरे. परंतु फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री पॉवेल इराकविरुद्धची बाजू मांडण्यास संयुक्त राष्ट्रसंघात आले, तेव्हा सुरक्षा परिषदेच्या दाराशी असलेली याच चित्राची विणलेली प्रतिकृती निळ्या पडद्याने झाकण्यात आली. निरुपद्रवी वस्तूवर कुणी पडदा टाकीत नाही.

आपल्याकडेही ही परंपरा आहे. मे १९९८ मध्ये भारत व पाकिस्तान यांनी अणुस्फोट केले. कराचीत जन्मलेल्या आणि मुंबईत कलाशिक्षण घेतलेल्या चित्रकार नलिनी मालानी यांनी त्यावर, मंटोच्या 'टोबा टेक सिंग' या कथेचे स्मरण करून, चित्रफितींची मांडणी केली. १९९९ मध्ये ती मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात लोकांनी पाहिली. समोरासमोरच्या भिंतींवर दोन स्त्रिया एका साडीची घडी घालू पाहतात. मध्ये पत्र्याच्या ट्रंका. फाळणीचे दुःख आणि अणुबॉम्बचे भय सांगण्यास याहून घरगुती प्रतीक कोणते?

तय्यब मेहता यांनी १९४७ च्या दंगलीत मुंबईच्या महंमद अली रोडवर जमावाने एका तरुणाचा जीव घेताना पाहिला. पुढे पाय बांधलेला बैल हे त्यांच्या चित्रांतले प्रमुख प्रतीक ठरले. असे १९५६ चे एक चित्र एप्रिल २०२५ मध्ये लिलावात ६१.८० कोटी रुपयांना विकले गेले. बळी जाणाऱ्यांचे चित्र धनिकांच्या मालकीचे झाले! कामगाराला चित्र कळत नाही हा कांगावा आहे; त्याला ते पाहावयासच मिळत नाही.

हा प्रश्न आळंदीच्या परिसरात अधिकच टोकदार होतो. खडकी आणि देहूरोड येथील दारूगोळा कारखाने येथून दूर नाहीत. तेथील कामगाराची भाकरी त्या कामावर अवलंबून आहे, म्हणून त्याला युद्धखोर ठरवणे हा अन्याय होईल. मात्र त्याच्याशी शांततेविषयी बोलायचेच टाळणे, हा आपला भ्याडपणा ठरेल.

कार्यकर्त्यांनी कार्तिकी यात्रेत आळंदीला, तसेच भोसरी-चाकणच्या कामगार वस्त्यांत, अशा चित्रांच्या साध्या छापील प्रती मांडाव्यात. भाषणे आवरावीत. दूरच्या कुठल्या गावावर बॉम्ब पडला, तर त्याचा वळ आपल्या पाठीवर उठतो काय, एवढेच पाहणाऱ्याला विचारावे आणि त्याचे उत्तर नीट ऐकून घ्यावे.