सिकलसेल : बिघाड रेणूत, आजारी मात्र माणूस

शाळेतल्या जीवशास्त्राच्या पुस्तकात एक उतरंड होती, आठवते का पाहा: रेणू, पेशी, ऊती, अवयव, अवयवसंस्था आणि सगळ्यांत वर पूर्ण सजीव. दोन मार्कांसाठी ती पाठ करायची आणि परीक्षा झाली की विसरायची. माझ्या मते ती विसरल्याचे परिणाम पेशंट आणि डॉक्टर दोघांनाही भोगावे लागतात. सिकलसेलच्या आजारात ते सर्वांत जास्त दिसतात. विदर्भात आणि नंदुरबारकडच्या आदिवासी भागात हा आजार घरोघरी माहीत आहे, पण तो नेमका कुठे होतो हे विचारलं तर बहुतेक जण 'रक्तात' एवढंच सांगतात.

सुरुवात तळापासून करू. लाल रक्तपेशीत हिमोग्लोबिन असतं. त्याच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं ओळीने गुंफलेली असतात. सिकलसेलमध्ये त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. बदल तेवढाच. या आजारात हिमोग्लोबिनच वेगळं असतं हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवलं आणि त्याला 'रेणूचा आजार' म्हटलं.

पण असा एक रेणू वेगळा काढून कितीही निरखला तरी त्यात विळा दिसणार नाही. पेशीत असे कोट्यवधी रेणू दाटीवाटीने असतात. त्यांनी ऑक्सिजन सोडला की ते एकमेकांना चिकटून लांब काड्या तयार होतात आणि त्या काड्यांनी पेशी ताणली जाऊन विळ्यासारखी होते, कडक होते. निरोगी लाल पेशी साधारण १२० दिवस जगते; ही दहा-वीस दिवसांतच मोडते, म्हणून रक्त कमी. पुढची पायरी ऊतींची. केशवाहिनी लाल पेशीपेक्षाही अरुंद असू शकते. निरोगी पेशी अंग चोरून, दुमडून तिच्यातून जाते. विळ्याला दुमडता येत नाही. तो अडकतो, मागे आणखी अडकतात, पुढच्या भागाला ऑक्सिजन मिळत नाही आणि मग हाडांत असह्य ठणका लागतो. हे वर्षानुवर्षं होत राहिलं की अवयव जातात. लहानपणीच प्लीहा निकामी होते, तरुणपणी खुब्याचं हाड झिजून माणूस लंगडायला लागतो.

म्हणजे प्रत्येक पायरीवर काहीतरी नवीन घडतं, जे खालच्या पायरीकडे पाहून पुरतं सांगता येत नाही. एकाच घरातल्या दोन भावंडांत तोच दोष असतो, पण एक वर्षातून पाचदा ॲडमिट होतो आणि दुसरा शेतात काम करतो. याचं एक कारण म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन. ते जन्मानंतरही ज्याच्या रक्तात जास्त टिकतं, त्याच्या पेशींत काड्या कमी तयार होतात. हायड्रॉक्सियुरियाची गोळी प्रामुख्याने हेच हिमोग्लोबिन वाढवते.

आता घोळांकडे येतो. पहिला घोळ लग्नाच्या बाजारात होतो. मुलीचा रिपोर्ट 'पॉझिटिव्ह' आला की स्थळ मोडतं. अहो, पण कोणता रिपोर्ट? सोल्युबिलिटी टेस्ट वाहक आणि आजारी यांत फरक करत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. वाहक, म्हणजे 'एएस', हा सर्वसाधारणपणे निरोगी माणूस असतो. त्याच्या पेशीत चांगलं हिमोग्लोबिन निम्म्याहून जास्त असतं. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता २५ टक्के असते. हा विचार जोडप्याचा मिळून करायचा असतो. एकट्या मुलीच्या कपाळावर शिक्का मारून तो होत नाही. आणि 'वाईट रक्त' म्हणणाऱ्यांसाठी उतरंडीच्याही वरची गोष्ट: वाहकांना जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. म्हणून तर मलेरियाच्या प्रदेशात हा जीन पिढ्यान् पिढ्या टिकला. एका मुलाला छळणारा बदल त्याच्या समाजाला तारून गेला आहे.

दुसरा घोळ आमच्या बाजूचा, आणि तो मला जास्त खुपतो. मुलगा वेदनेने तळमळत येतो. एक्स-रे नॉर्मल, हिमोग्लोबिन त्याचं नेहमीचंच. मग कुणीतरी म्हणतं, 'नाटक करतोय, इंजेक्शनची सवय लागलीय.' अडथळा केशवाहिन्यांत आहे आणि आपण पाहतोय हाडाचा फोटो; तिथे काय दिसणार? अशा वेळी पेशंटचा शब्द हाच सर्वांत विश्वासाचा रिपोर्ट असतो.

२०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट आहे. चांगलंच आहे. पण तपासणी सांगते ती तळाच्या पायरीची गोष्ट. हातात कार्ड आलं आणि जवळच्या केंद्रात हायड्रॉक्सियुरिया नसेल, तर त्या कार्डाने ठणका थांबत नाही. त्याच वर्षी ब्रिटन आणि अमेरिकेत जीनमध्ये दुरुस्ती करणाऱ्या उपचाराला मान्यता मिळाली. पण तो उद्या इथे फुकट मिळाला तरी झिजलेला खुबा त्याने परत येणार नाही. ज्या पायरीवर नुकसान झालं, तिथलीच काळजी तिथे लागते.

घरी करायच्या गोष्टीही म्हणूनच वेगवेगळ्या आहेत. भरपूर पाणी पिणं आणि थंडीत अंग झाकणं हे केशवाहिन्यांसाठी. न्यूमोकॉकसची लस आणि लहान मुलांना डॉक्टरांनी दिलेलं पेनिसिलिन हे निकामी प्लीहेचं काम भरून काढण्यासाठी. आणि 'एसएस' असलेल्या मुलाचा ताप १०१ च्या वर गेला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. प्लीहा नसल्यासारख्या या मुलांत जंतू काही तासांत रक्तात पसरू शकतात. त्याच रात्री दवाखाना गाठा आणि दारातच सांगा, मूल सिकलसेलचं आहे.