रानातल्या काटकीला हात लावू नका : शिमग्याला निघालेल्या मुंबईकरांना आवाहन

गिरगाव, दादर, परळ, लालबागमधल्या चाळी, मंडळं, क्रिकेटच्या टीमा आणि नुसतेच ‘आपला ग्रुप’ म्हणवणाऱ्या सगळ्या मंडळींना ही कळकळीची विनंती आहे. होळी तोंडावर आली. आता रात्री-रात्री मिनीबस आणि टेम्पो ट्रॅव्हलर भरून सुटतील. आधी गावची पालखी, मग सुट्टी उरलीच आहे तर दोन दिवस गोवा. टपावर भाड्याचे टोप, कढई, झारा. पिशवीत लालबागचा मसाला. बर्फाच्या डब्यात दही-हळद लावून ठेवलेली कोंबडी. मीठसुद्धा कुणी विसरत नाही. यादीत फक्त जळण नसतं. “ते वाटेत मिळेल रे, रानच तर आहे सगळं!”

हे वाक्य यंदा ज्याच्या तोंडून निघेल, त्याला गाडी सुटायच्या आधीच थांबवा.

कारण ते रान कुणाचं तरी असतं. रस्त्याकडेची काजूची बाग शेतकऱ्याची, त्यामागचं जंगल वनखात्याचं, आणि मधेच एखादी राई देवाची. देवराईतली वाळकी काटकीसुद्धा अनेक गावांत माणसं उचलत नाहीत आणि आपण मुंबईहून जाऊन तिथे कोयता काढतो. शिवाय या भागात राज्य कधी बदललं ते कळतही नाही. बांदा सोडून पत्रादेवीच्या नाक्यावर निदान पाटी तरी दिसते. पण तेरेखोलचा किल्ला नदीच्या आपल्या बाजूला असूनही गोव्यात आहे, आणि चोर्ला घाटात तर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक तिन्ही एकमेकांना चिकटलेले. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात झाडं तोडायला उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मनाई केली. राखीव जंगलात विस्तव पेटवणं हा भारतीय वन अधिनियम १९२७ नुसार गुन्हा आहे. अभयारण्यात तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं कलम ३० आग लावायला, विस्तव पेटवायला आणि पेटता विस्तव मागे टाकून जायला, तिन्हींना बंदी घालतं. गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करायलाही बंदी आहे : २००१ च्या कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन माणशी दोन हजार आणि गटाला दहा हजार रुपये दंड ठरला, पुढे तो आणखी वाढवला गेला. वर्गणीतून काढलेल्या सहलीचा हिशेब तिथेच कोलमडतो.

पण दंडाच्या भीतीने हे लिहीत नाही. भीती वेगळीच आहे.

मार्चमधला जांभ्याचा सडा ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. गुडघाभर गवत वाळून पिवळं पडलेलं असतं, खाली दगड तापलेला, आणि दुपारनंतर खाडीकडून वारा सुरू होतो. तीन दगड मांडून केलेल्या चुलीतून एक ठिणगी उडाली की वारा तिला कुठे नेईल याचा नेम नाही. हाच काजूचा हंगाम. झाडाला बोंडं लागलेली, खाली पाचोळ्याचा थर. वणवा त्या पाचोळ्यातून सरपटत जातो, झाडं उभीच राहतात, पण पानं करपतात, मोहोर गळतो आणि त्या घराचं वर्षाचं उत्पन्न एका दुपारी जातं. नंतर तिथे गेलात तर तीन काळे दगड, एक अर्धवट जळालेली ओली फांदी आणि वितळलेल्या प्लास्टिकच्या ग्लासांचा गोळा दिसतो. पेटवणारे तोवर मुंबईत पोचून फोटो टाकत असतात.

२०२३ ची होळी आठवा. ५ मार्चपासून गोव्यात सत्तरीच्या बाजूला म्हादई अभयारण्यात आणि आसपास आगी भडकल्या. नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं खाली बादल्या लटकवून डोंगरावर पाणी ओतत होती, तरी विझवायला कित्येक दिवस गेले. त्या आगी कुणी लावल्या याचा निवाडा मी इथे करत नाही. पण होळीच्या आठवड्यात ते रान किती सहज पेटतं आणि विझवताना किती नाकी नऊ आणतं, ते सगळ्यांनी पाहिलं आहे.

आता जळणाबद्दलच थोडं बोलू, कारण आपल्यापैकी बहुतेकांना त्यातलं काही कळत नाही. राग मानू नका. आपल्या दोन पिढ्या गॅसवर वाढल्या. इतकंच काय, आपल्या पाववाल्यांनाही जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत बदलायला सांगितलं. अशा आपण रस्त्याकडेची फांदी तोडली तर ती ओली निघणार हे ठरलेलं. ओलं लाकूड पेटत नाही, फुसफुसतं, टोकाला फेस येतो आणि धूर डोळ्यांत जातो. मग कुणीतरी शहाणा गाडीतलं पेट्रोल आणतो. हाता-तोंडाला भाजण्याचे प्रसंग इथूनच सुरू होतात. त्यातून ते झाड कुठलं आहे हे कुणी बघत नाही. खाडीकाठच्या गेव्याचा चीक डोळ्यांत गेला तर तात्पुरतं आंधळेपण येतं आणि त्याच्या धुरानेही डोळे चुरचुरतात. बिब्याच्या झाडाला नुसता हात लागला तरी काहींना बिबा उततो, अंगावर फोड येतात. कण्हेर तर नखशिखांत विषारी, तिच्या काडीवर कोंबडीचे तुकडे टोचून भाजू नयेत. गावातला माणूस ही झाडं दुरून ओळखतो. आपल्याला गुलमोहर आणि पिंपळ यापलीकडे फारसं काही ओळखू येत नाही.

“मग इथूनच वखारीतून दोन मोळ्या टाकूया टपावर,” असंही एकजण म्हणेल. तेही नको. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात लाकूड न्यायचं तर काही जाती वगळता वनखात्याचा वाहतूक परवाना लागतो. २०२३ च्या डिसेंबरपासून त्याची देशभर चालणारी ऑनलाइन पद्धतही आली. दोन मोळ्यांसाठी तो कोण काढणार? आणि परवान्याहून मोठी अडचण लाकडाच्या पोटात असते. आंब्याच्या खोडात भिरूड शिरतो तेव्हा बाहेरून एक भोक आणि त्यातून गळणारा भुसा एवढंच दिसतं. आत जाडजूड अळी सुखाने खोड पोखरत असते. काजूचा खोडकिडाही असाच आतून काम करतो. किडकं लाकूड स्वस्त मिळतं म्हणून आपण ते घेणार आणि बागायतदाराच्या दारात नेऊन ठेवणार. अमेरिकेत हेच झालं. पूर्व आशियातला ‘एमराल्ड ॲश बोरर’ नावाचा भुंगेरा २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला आणि पुढे ॲशची कोट्यवधी झाडं मेली. तो दूरदूर पोचला त्यात सहलीला निघालेल्यांनी गाडीतून नेलेल्या लाकडाचा मोठा हात होता. न्यूयॉर्क राज्यात आज प्रक्रिया न केलेलं जळण ८० किलोमीटरपलीकडे न्यायला बंदी आहे, आणि कॅनडाच्या सीमेवर गाडीत लाकूड आहे का हे विचारतात. तिथल्या आपल्या मराठी कुटुंबांना हे अंगवळणी पडलंय.

बसमध्ये भरलेला सिलिंडर ठेवून वर पंधरा माणसं बसवायची, ही कल्पना तर याहून वाईट. ती मनातूनही काढून टाका.

चुलीवरचंच खायचं असेल तर ते खाताही येतं. सावंतवाडीपासून पेडण्यापर्यंत घरगुती खानावळी आहेत. आदल्या दिवशी फोन करा, माणसं सांगा, कोंबडी-वडे तयार मिळतील आणि त्या घरात चार पैसे जातील. स्वतःच रांधायची हौस असेल तर मुक्कामाच्या घरमालकाला विचारून त्याच्या खळ्यात, त्याने दाखवलेल्या जागी चूल मांडा. जळण त्याचंच विकत घ्या : वाळलेली लाकडं, सोडणं, करवंट्या, नारळाच्या झावळ्यांचे देठ. त्याच्याकडे हे असतंच, आणि काय पेटतं, काय पेटवू नये हे त्याला ठाऊक असतं. तो नको म्हणाला तर वाद घालू नका. पाण्याने भरलेली बादली शेजारी ठेवल्याशिवाय काडी ओढायची नाही. विस्तवावर माती लोटून निघूही नका, मातीखाली निखारा तासन्‌तास धुमसतो. पाणी ओता, काठीने राख ढवळा, पुन्हा पाणी ओता आणि वर हात धरून धग लागत नाही याची खात्री करूनच गाडीत बसा.

चाळीच्या कमिट्यांनी आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांनी गाडी ठरवतानाच जेवण कुठे, चूल कोणाच्या खळ्यात, हे दोन प्रश्न सोडवावेत. पावती फाडताना सहभागी होणाऱ्या प्रत्येकाला ही अट सांगावी. आणि वाटेत कुठेही धूर किंवा वणवा दिसला, मग तो आपण लावलेला नसला तरी, गाडी सुरक्षित जागी थांबवून महाराष्ट्रात वनखात्याच्या १९२६ वर किंवा दोन्ही राज्यांत चालणाऱ्या ११२ वर लगेच फोन करा आणि जवळच्या गावाचं नाव सांगा.