चंद्रावर टाकलेला कचरा आणि तारापूर

‘स्पेस : १९९९’ या ब्रिटिश विज्ञानमालिकेचा पहिला भाग ब्रिटनमध्ये ४ सप्टेंबर १९७५ रोजी दाखवला गेला. पन्नाशी उलटलेली ही मालिका आज पुन्हा बघायला घेतली, की आधी नजरेत भरतात त्या खाली रुंद होत गेलेल्या विजारी, भिंतभर लुकलुकणारे दिवे आणि कागदाच्या पट्टीवर उत्तर देणारा संगणक. जुन्या चाहत्यांना त्यातच आनंद वाटतो. पण वैतरणेच्या खाडीवरचे पूल ओलांडून रोज बोईसरला कामावर जाणारा माणूस ही मालिका बघेल, तेव्हा त्याचं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे जाईल. कथेला तोंड फुटतं ते अणुकचऱ्याच्या गोदामात.

पृथ्वीवर साठलेला अणुकचरा यानांतून चंद्रावर नेऊन टाकायचा, अशी व्यवस्था लागलेली आहे. त्यासाठी ‘अल्फा’ हा तळ उभारलेला आहे. जॉन कोनिग हा नवा प्रमुख तिथे पोचतो तेव्हा माणसं मरायला लागलेली असतात. डोकं फिरल्यासारखी वागतात आणि दगावतात. वरून सांगितलं जातं, विषाणूचा संसर्ग आहे. तळावरच्या डॉक्टर हेलेना रसेल यांना ते पटत नाही, मेंदूवर परिणाम झालाय हे त्यांना दिसत असतं. चंद्र आयोगाचा आयुक्त सिमंड्स याला मात्र चिंता आहे ती ठरलेली अंतराळमोहीम वेळेवर निघण्याची. किरणोत्सार मोजणारी यंत्रं ‘सगळं ठीक’ दाखवत असतात. वाढत असतं ते चुंबकीय क्षेत्र आणि तापमान. एक साठा जळून जातो, मग १३ सप्टेंबर १९९९ रोजी दुसऱ्या, कितीतरी मोठ्या साठ्याचा स्फोट होतो आणि चंद्र ३११ माणसांसकट पृथ्वीची कक्षा सोडून निघून जातो.

हे ज्या काळात लिहिलं गेलं त्याच काळात तारापूरची गोष्टही घडत होती. माणसाने चंद्रावर पाऊल ठेवलं ते २० जुलै १९६९ला, आणि त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या. देशातली ही पहिली अणुवीज. भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या आणि इंधनही १९६३च्या करारानुसार अमेरिकेचंच. पुढे १८ मे १९७४ला पोखरणची चाचणी झाली, त्या वेळी लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत या मालिकेचं चित्रीकरण चालू होतं. पोखरणनंतर अमेरिकेने हात आखडता घेतला, १९७८ साली तसा कायदाच केला आणि १९८०च्या दशकात तारापूरला इंधन फ्रान्सकडून आलं. वापरलेल्या इंधनाचं काय करायचं, यावरून भारत आणि अमेरिकेच्या सरकारांचं एकमत होईना. परिणाम असा, की ते इंधन तारापूरच्याच पाण्याच्या हौदांत साठत राहिलं आणि पुढे त्यासाठी वेगळी साठवण उभारावी लागली.

म्हणजे पडद्यावर जो प्रश्न चंद्रावर ढकलून दिलेला होता, तो पालघरच्या किनाऱ्यावर प्रत्यक्ष मुक्कामाला होता.

मालिकेच्या विज्ञानावर टीका झाली आणि ती रास्तच होती. आयझॅक असिमोव्ह यांनी १९७५ सालीच ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये तिची झाडाझडती घेतली होती. चंद्राला कक्षेबाहेर भिरकावण्याइतका मोठा स्फोट झाला, तर चंद्र आधी फुटेल. वापरलेलं इंधन बॉम्बसारखं फुटतही नाही. पण अणुकचरा अवकाशात पाठवण्याची कल्पना मात्र लेखकांच्या डोक्यातून निघालेली नव्हती. १९७०च्या दशकात नासाने तिचा गंभीरपणे अभ्यास केला होता. खर्च अफाट आणि उड्डाणातच रॉकेट फुटलं तर कचरा डोक्यावर, या अडचणी त्यात होत्याच. जानेवारी १९७८मध्ये अणुभट्टी वाहून नेणारा सोव्हिएत उपग्रह ‘कॉसमॉस ९५४’ कॅनडाच्या बर्फाळ प्रदेशात कोसळला आणि किरणोत्सारी तुकडे महिनोन्‌महिने शोधत बसावं लागलं. वर पाठवलेलं खाली येऊ शकतं, हे तेव्हा सगळ्या जगाने पाहिलं.

विज्ञान कच्चं असलं तरी मालिकेतली कारागिरी पक्की आहे. ‘ईगल’ हे मालवाहू यान आजही खरं वाटतं. विशेष दृश्यांची बाजू सांभाळणाऱ्या ब्रायन जॉन्सन यांनी त्याचा सांगाडा उघडा ठेवला, मध्ये बदलता येईल असा डबा बसवला. चित्रीकरणाची मोठी प्रतिकृती ४४ इंचांची होती. यान, चंद्राची जमीन, तारे हे सगळं एकाच फिल्मवर, ती पुन्हा पुन्हा मागे गुंडाळून टिपलेलं आहे. एका ठिकाणी चूक झाली की आधीचं सगळं काम वाया. ते धूळ उडवत उतरणारं यान बघताना ही मेहनत जाणवते. जॉन्सन यांना पुढे ‘एलियन’ आणि ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’साठी ऑस्कर मिळालं, त्याचा पाया इथे आहे. दुसऱ्या वर्षी निर्माता बदलला, तळावरच्या प्रोफेसर बर्गमन यांचं पात्र गेलं, रूप पालटणारी माया आली आणि मालिकेतली विचार करायला लावणारी शांतता हरवली. पहिले २४ भाग बघावेत, पुढचे २४ सोडले तरी चालतील.

त्या पहिल्या चोविसातला ‘ब्लॅक सन’ हा भाग मराठी वाचकाने जरूर बघावा. चंद्र कृष्णविवरात ओढला जातो, अशी त्याची गोष्ट. त्याच सुमारास, १९७४ साली, जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. लंडनचे स्टुडिओवाले आणि मुंबईतला मराठी शास्त्रज्ञ एकाच विषयाशी भिडत होते. नारळीकरांनी गणित सांभाळलं, मालिकेने ते सोडून भावना धरली. दोन्ही शेजारी ठेवून बघण्यासारखं आहे.

अणुकचऱ्यावर तारापूरला प्रत्यक्षात निघालेला तोडगा पडद्यावरच्या गोष्टीपेक्षा जास्त रोमांचक आहे, आणि तो आपल्याच भागातल्या लोकांना फारसा ठाऊक नाही. तारापूरच्या आवारात इंधनावर पुनर्प्रक्रिया करणारा प्रकल्प आहे. वापरलेल्या इंधनात युरेनियम मोठ्या प्रमाणात शिल्लक असतं आणि थोडं प्लुटोनियमही तयार झालेलं असतं, ते तिथे वेगळं काढतात. मागे उरतो तो तीव्र किरणोत्सारी द्रव. हा द्रव काच बनवणाऱ्या रसायनांबरोबर सुमारे हजार अंश सेल्सिअसला वितळवतात आणि तो रस पोलादी डब्यांत ओततात. माणूस जवळ जात नाही. जाड शिशाच्या काचेपलीकडून यांत्रिक हातांनी झाकण बसवायचं, वेल्डिंग करायचं. भारतातला असा पहिला प्रकल्प १९८०च्या दशकात इथेच उभा राहिला. थंड झालेली काच पाण्यात सहजी विरघळत नाही, म्हणून आतला सिझियम किंवा स्ट्रॉन्शियम तिथेच अडकून राहतो. तरी डब्यांतून उष्णता निघतच राहते. त्यासाठी ते तळघरात ठेवून उंच धुराड्याच्या ओढीने त्यांच्याभोवती हवा खेळती ठेवतात. पंखा नाही, पंप नाही. वीज गेली तरी हवा वाहते.

अल्फावर नेमकं हेच झालं नव्हतं. कचरा दूर नेऊन टाकला, त्याच्या उष्णतेकडे बघणारा कुणी उरला नाही. २०११ साली फुकुशिमात वीज गेली आणि पंप थांबले, तेव्हा जगाने पुन्हा हाच धडा पाहिला. तिथली बंद पडलेली पहिली भट्टी तारापूरच्या जुन्या दोन भट्ट्यांसारखीच, उकळत्या पाण्याच्या जातीची होती.

पहिल्या भागाचा खरा गाभा मात्र स्फोट हा नाहीच. तळावरची माणसं आजारी पडताहेत आणि त्यांना खरं कारण सांगितलं जात नाही, हा तो गाभा. ‘मिशन ऑफ द डेरियन्स’ या भागात हीच गोष्ट आणखी टोकाला जाते. शेकडो वर्षांपूर्वी अणुअपघात झालेलं एक महाकाय यान, वरच्या मजल्यावर ज्ञान आणि सोयी राखून बसलेले मोजके लोक, आणि खालच्या मजल्यावर काहीच ठाऊक नसलेले बाकीचे. हे यान कुणा एका देशाचं नाही. पण ते बघताना अक्करपट्टी आणि पोफरण आठवतात. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीसाठी ही दोन गावं उठली. प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या त्या भट्ट्या २००५ आणि २००६ साली सुरू झाल्या, पुनर्वसनाचा वाद न्यायालयात गेला. शेजारची घिवली, उच्छेळी, दांडी ही मच्छीमारांची गावं आजही केंद्राला लागून आहेत. त्यात नोव्हेंबर २०१८पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात भूकंपाचे धक्के सुरू झाले. अशा वेळी माहिती मिळाली नाही की अफवा पिकतात.

केंद्राच्या परिसरात भाभा अणुसंशोधन केंद्राची पर्यावरण तपासणी प्रयोगशाळा आहे. समुद्राचं पाणी, मासळी, दूध, भाजीपाला, माती यांचे नमुने तिथे नियमित तपासले जातात. हे काम मोलाचं आहे आणि लपवण्यासारखं त्यात काही नाही. म्हणूनच त्याचे आकडे गावकऱ्याला समजतील अशा मराठीत, दर तीन महिन्यांनी, आसपासच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले पाहिजेत. सातपाटीच्या मच्छीमाराला आपल्या पापलेटात काय आहे हे तांत्रिक इंग्रजी अहवालातून शोधावं लागू नये.

पालघर आणि बोईसरच्या महाविद्यालयांतल्या विज्ञान मंडळांनाही एक विनंती. या वर्षी एका दुपारी ‘स्पेस : १९९९’चा पहिला भाग मुलांना दाखवा. तो तासाभराच्या आतच आहे. संपल्यावर तारापूरच्या एखाद्या शास्त्रज्ञाला, आणि घिवलीच्या एखाद्या मच्छीमार बाईलाही, मुलांसमोर बोलायला बोलवा. मुलांना दोघांनाही प्रश्न विचारू द्या.